तीच काच दोनदा

समजा, एका छोट्या, अर्ध्या अंधारलेल्या खोलीत तुम्ही उभे आहात. खुर्चीत एक अनोळखी माणूस बसलाय. त्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही एक यंत्र ओढून आणलंय. काळं, जड, फुलपाखरासारखे दोन पंख असलेलं, आणि त्या पंखांत ढीगभर काचा दडलेल्या. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. तुम्ही चकती फिरवता. खट्. "ही पहिली." पुन्हा खट्. "ही दुसरी. कुठली बरी?"

एवढंच काम. सोपं वाटतं ना? मग आता नियम ऐका. आवाज दोन्ही वेळा एकसारखा ठेवायचा. 'दुसरी' म्हणताना सूर जरा जरी चढला, तरी माणूस दुसरीच चांगली म्हणणार. कारण त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, ही परीक्षा आहे आणि उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर न्यायाधीश असो नाहीतर पैलवान, तिथे बसला की तो शाळेतला होतो. तुम्ही 'अरे वा' म्हणायचं नाही. 'नक्की ना?' तर मुळीच म्हणायचं नाही. आणि समोरचा आपल्याला खूश करायला उत्तरं देतोय असा संशय आला, तर एक जुनी युक्ती आहे. चकती एक घर पुढे, एक घर मागे. खट्-खट्. काच तीच. "आता ही बरी की आधीची?" जो खरोखर बघतोय तो गोंधळून म्हणतो, "दोन्ही सारख्याच वाटतात हो." जो तुम्हाला खूश करतोय तो ठामपणे सांगतो, "ही! ही कितीतरी चांगली!"

सोळा वर्षं नंबरताई हेच करत होती. कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान, पुढे काचेची कपाटं, मागे जाड पडदा, पडद्यामागे ती. दुकानाच्या मालकाला गिऱ्हाइकांची नावं पाठ असत, तिला नंबर. रस्त्यात कोणी नमस्कार केला की तिच्या डोक्यात आधी 'उजवा उणे दोन, डावा उणे सव्वादोन' असं उमटायचं आणि मग माणूस. किल्ल्या बनवणाऱ्या शेजाऱ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला नंबरताईच म्हणत. वय एकोणचाळीस. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. एक मुलगी, तेरा वर्षांची, आईच्या खांद्याच्या वर गेलेली, तरी घरात नाव अजून पिटुकलीच. आणि सासूबाई.

आपल्या गोष्टीतल्या त्या आठवड्यात नंबरताईचं कपाळ सोमवारपासून नेहमीपेक्षा जास्त ठणकत होतं आणि कोटाच्या खिशात एक पत्र होतं.

पत्रामागे लोकरीच्या आजी होत्या. या बाई उभा जन्म स्वेटर विणत आल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी त्या खुर्चीत बसल्या, आणि प्रत्येक काचेला म्हणाल्या, "सारखंच." वीस काचा झाल्या, तीस झाल्या. "सारखंच गं बाई." नंबरताईने त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, याला चष्मा नाही. आजी परत दुकानात आल्या ते एवढंच विचारायला, की चष्मा नाही म्हणजे आता काहीच नाही का? नंबरताई नुसतीच यंत्र पुसत राहिली. तेवढ्यात आजी दाराच्या मुठीकडे बघत म्हणाल्या, "कानातलं छान आहे तुझं. हिरवं ना?"

नंबरताईचा हात थांबला. आजी बघत होत्या दाराकडे आणि दिसत होतं कानातलं. मधलं गेलं होतं, कडेचं शाबूत होतं! तिने घाईघाईने एक जाड भिंग आणलं, दिवा खांद्यामागे नेला, आजींची मान हातांनी जराशी वळवली आणि वर्तमानपत्राचा मथळा समोर धरला. आजींनी तीन शब्द वाचले. मग तेच तीन पुन्हा वाचले. पडद्याबाहेरून मालक खाकरले, की पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय.

अशा उरलेल्या नजरेने बघायला शिकवण्याचं शास्त्र आहे, आणि ते शिकवणारी एक संस्था आहे, हे तिने त्यानंतर शोधून काढलं. तिने लिहिलं. त्यांनी पत्राने बोलावलं. दोन वर्षांचं शिक्षण, आगगाडीने सात तासांवर, राहण्याजेवण्याची सोय, हातखर्चापुरतं विद्यावेतन. पैशाची अडचण नव्हती. असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. नाही म्हणायला एक सरळ कारण मिळालं असतं. शनिवारपर्यंत होकार किंवा नकार पोस्टात टाकायचा होता.

घरात तिने मंगळवारी जेवताना विषय काढला. तिची अपेक्षा होती, आकाशपाताळ एक होईल. नवरा चिडेल, सासूबाई पदर डोळ्याला लावतील, मग आपण भांडू, आणि भांडता भांडता आपल्याला काय हवंय ते तरी कळेल.

नवरा म्हणाला, "तुला जे बरं वाटेल ते कर."

"अहो, पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला दोन्ही चालेल."

"दोन्ही कसं चालेल? दोन वर्षं मी नसेन घरात!"

"अगं, नसशील तर नसशील. असशील तर असशील. मी काही सांगितलं तर उद्या म्हणशील, तुम्ही सांगितलंत म्हणून केलं." त्याने पाण्याचा घोट घेतला. "आमच्या धंद्यात कसं, दोन मजल्यांच्या मधे अडकलेला माणूस काय करतो माहीत आहे? सगळी बटणं दाबतो. एकदम. मग लिफ्टलाच कळत नाही कुठं जायचं. तू सध्या बटणं दाबतेयस."

"आणि तुम्ही नुसते बाहेर उभे राहून बघताय."

"बाहेरून काय करणार? आधी आतल्याने बटणावरचा हात काढायचा असतो."

ती सासूबाईंकडे वळली. "आई, तुम्ही तरी बोला."

"मी काय बोलू? मी काय लहान मूल आहे, मला सोडून चाललीस म्हणून रडायला?" सासूबाईंनी ताट पुढे सारलं. "दोन वर्षांत मेले, तर कळवीन."

"आई!"

"नाही, कळवीन म्हणते ना. पत्ता देऊन जा."

पिटुकली एवढा वेळ वहीत काहीतरी रंगवत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "मला चालेल."

झालं. तिघांनीही आवाज एकसारखा ठेवला होता. सोळा वर्षं तिने गिऱ्हाइकांशी जे केलं, तेच घराने तिच्याशी केलं, आणि खुर्चीत बसल्यावर कसं वाटतं ते तिला पहिल्यांदा कळलं. भयंकर वाटतं.

बुधवारी तिने कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'जावं', उजवीकडे 'राहावं'. सकाळी डावी बाजू भरगच्च झाली. दुपारी तोच कागद काढला तर उजवी बाजू जड वाटायला लागली. पिटुकली तेरा वर्षांची, याच वयात आई हवी. पिटुकली तेरा वर्षांची, आता तिला आई सारखी लागत नाही. एकच वाक्य दोन्ही बाजूंना बसत होतं! संध्याकाळी तर तिला असंही वाटलं, की लोकरीच्या आजींचं निमित्त आहे, आपल्याला नुसतं कुठेतरी पळायचंय. मग लगेच उलट वाटलं, की घराचं निमित्त आहे, आपण घाबरलोय.

गुरुवारी हे दुकानात शिरलं. एक तरुण शिक्षक खुर्चीत होता. खट्. "ही पहिली." खट्. "ही दुसरी." आणि नंबरताई नेमकी मधेच थांबली. शिक्षक यंत्राआडून म्हणाला, "ताई, तुम्हाला कुठली हवीय?"

"म्हणजे?"

"नाही, तुम्ही 'दुसरी' म्हणताना उसासा टाकलात. मला वाटलं, तुमची पहिली ठरलीय."

ती इतकी ओशाळली की तिने त्याची तपासणी पहिल्यापासून केली. कपाळ आता इतकं ठणकत होतं की तक्त्यातली खालची ओळ नाचायला लागली. मालकांनी पडदा बाजूला करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जगाचे डोळे बघतेस, एकदा स्वतःचे दाखव कुणाला. मास्तरांकडे जा आज. आणि उद्या ताजी होऊन ये, मला अशी सुतकी तपासणी नको."

मास्तर म्हणजे ज्यांनी तिला हे काम शिकवलं ते. वय बहात्तर, दुकान कधीच सोडलेलं, दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. एक लाकडी पेटी होती, मखमली खाचांतून उभ्या लावलेल्या सुट्या काचांची, प्रत्येक काचेला कडी आणि मूठ. उणे नंबराच्या काचांना लाल कडी, अधिकच्यांना काळी. खोली पुरेशी लांब नव्हती, म्हणून तक्ता खुर्चीच्या मागे टांगून समोरच्या आरशातून वाचायचा. त्यासाठी अक्षरं उलटी काढलेली. नंबरताई वीस वर्षांची असताना याच आरशासमोर धडपडत शिकली होती.

"शेवटचे कधी तपासलेस?" मास्तरांनी तिचा चष्मा उजेडात धरत विचारलं.

"सहा वर्षं झाली असतील."

"कोणी तपासले?"

ती पेटीतल्या काचा मोजायला लागली.

"कोणी तपासले, पोरी?"

"मीच."

मास्तरांनी चष्मा खाली ठेवला. "म्हणजे खुर्चीत तूच आणि चकतीवर हातही तुझाच?"

"दुकानात गर्दी होती, मास्तर. म्हटलं, त्यात काय, मला येतं की सगळं."

"स्वतःचे केस स्वतः कापतेस का?"

"नाही."

"का? कात्री चालवता येत नाही?" ते हसले नाहीत, पण पेटी उघडताना त्यांचा आवाज मऊ झाला. "खट् ऐकलं की तुला कळतं कुठली काच आली. मग डोळ्यांनी कोण बघतं? तू गणित करून उत्तर देतेस."

त्यांनी तिच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली. मग तक्त्याच्या जागी एक पांढरा पुठ्ठा टांगला. त्यावर शाईने, हाताने काढलेली अक्षरं होती, वरून खाली बारीक होत गेलेली आणि सगळी उलटी.

"हा कुठला तक्ता?"

"तुझ्या मालकाचा दुपारी फोन आला होता. नेहमीचा तक्ता तुला झोपेतही पाठ. म्हणून बसून नवा लिहिला. चौथ्या ओळीत एक अक्षर बिघडलंय, ते सोड. मी काच बदलेन तेव्हा डोळे मिटायचे. कडीचा रंग बघशील नाहीतर."

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळं विरघळलं होतं. आरसा, पुठ्ठा, मास्तर, सगळं धुक्यात. हे तिला ठाऊक होतं, तीही रोज करते. आधी मुद्दाम धूसर करायचं, म्हणजे ओढ धरून बसलेला डोळा सैल पडतो. पण रोज ती यंत्राच्या या बाजूला असते. त्या बाजूला बसून ते धुकं सोसणं वेगळं.

"मास्तर, काहीच दिसत नाही."

"नाही दिसायचं. बस तशीच."

"कमी करा ना जरा."

"घाई काय आहे? सहा वर्षं ओढून धरलायस, दोन मिनिटं सोड."

मग एकेक पायरी करत ते धुकं उतरवू लागले. डोळे मीट. उघड. वाच. त्यांनी 'कुठली बरी' असं एकदाही विचारलं नाही. नुसतं 'वाच'. एका ठिकाणी ती म्हणाली, "हां, आता मस्त! आता काळीभोर दिसतात अक्षरं."

"खालची ओळ वाच."

तिने प्रयत्न केला. "नाही येत."

"आधीच्या काचेने कुठपर्यंत वाचलीस?"

"इथपर्यंतच."

"मग हिने काय जास्त दाखवलं?"

"पण मास्तर, ही ठसठशीत वाटते."

"ठसठशीत वाटणं आणि जास्त दिसणं यात तू सोळा वर्षांत कितीजणांना फरक समजावलास?" त्यांनी काच काढली. "उणे वाढवत गेलं की अक्षर काळं होतं, लहान होतं, डोळ्याला वाटतं वा. आणि बिचारा दिवसभर ताण देऊन ते 'वा' सांभाळत बसतो. एक अक्षर जास्त वाचता आलं तरच काच द्यायची. हे तुला मीच शिकवलंय ना?"

"तुम्हीच."

"पाऊण नंबर जास्त लावून फिरतेयस तू. दोन्ही डोळ्यांना. कपाळ ठणकेल नाहीतर काय होईल!"

नंबरताईला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. दुकानात असली चूक कोणी केली असती तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. तिने फ्रेम उतरवली नाही. तशीच बसून तिने पत्राचं सगळं सांगितलं. आजी, हिरवं कानातलं, मधोमध रेघ मारलेला कागद, घरातल्या तिघांचे एकसारखे आवाज. सांगून झाल्यावर म्हणाली, "मास्तर, मी तिथेही हेच करतेय का? ठसठशीत वाटतंय म्हणून धरून बसलेय का? आणि धरून बसलेय ते नेमकं काय, जाणं की राहणं?"

मास्तर काचा पुसून पेटीत लावत होते. "हे बघ, मी डोळ्यांचं बोलत होतो. आयुष्याचं तुझं तू बघ."

"तुम्हीसुद्धा!"

"मीसुद्धा. मला काय ठाऊक तुला काय झेपतं?" त्यांनी शेवटची काच खाचेत बसवली आणि पेटीचं झाकण लावलं. "एवढंच सांगतो. तू स्वतःला सारखं विचारतेस, कुठलं बरं. खुर्चीतला माणूस या प्रश्नाला काहीही सांगतो. म्हणून मी विचारतच नाही. वाचायला लावतो. जे अक्षर दिसत नाही तिथे 'दिसत नाही' म्हणायचं, अंदाज ठोकायचा नाही. बस. आता चहा टाक, मला फिरवता येत नाही गॅसचं बटण, कडक झालंय."

शुक्रवारी दुपारी मालकांनी स्वतः नव्या काचा घासून तिच्या फ्रेममध्ये बसवल्या. तिने चष्मा घातला आणि पहिल्यांदा तिला वाटलं, फसले. रस्ता फिकट दिसत होता. समोरच्या दुकानाच्या पाटीला आधीची काळी धार नव्हती. तिने सवयीने पाटी वाचली. पूर्ण वाचता आली, खालच्या बारीक ओळीसकट. ती घराकडे चालायला लागली आणि वाटेतल्या बागेत, घसरगुंडीशेजारच्या बाकावर बसली. कपाळ ठणकायचं थांबलं नव्हतं, पण कोणीतरी मूठ सैल केल्यासारखं वाटत होतं.

मग तिने वाचायला घेतलं. बरं-वाईट नाही. नुसता एक मंगळवार घ्यायचा, वर्षभरानंतरचा, आणि वरून खाली वाचत जायचं.

आधी राहिल्याचा मंगळवार. सकाळी सहाला उठणं, पाणी, डबे, सासूबाईंच्या गोळ्या, दुकानाचं कुलूप, पडदा, खट्, पहिली, खट्, दुसरी, दुपारी मालकांचा तोच विनोद, साडेसातला घर. ती भराभरा वाचत गेली, एकदाही न अडखळता, अगदी खालच्या ओळीपर्यंत. आणि मग तिला खुर्चीत बसायच्या आधी बाहेरच्या बाकावर वाट बघणारी ती माणसं आठवली, जी आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून ऐकून तक्ता पाठ करतात आणि आत येऊन धडाधड म्हणून दाखवतात. त्यांचं वाचणं असंच असतं, न अडखळता. ती अशा लोकांना लगेच ओळखते.

तो मंगळवार वाईट नव्हता. त्यात गृहपाठ संपल्यावर पिटुकली दप्तर फेकते तो धप्प आवाज होता, आणि तो आवाज तिला कुठेही गेलं तरी हवा होता. पण तो मंगळवार ती वाचत नव्हती. पाठ म्हणत होती.

मग गेल्याचा मंगळवार. इथे पहिल्याच ओळीला ती अडखळली. खोली कशी असेल? दिसत नाही. शेजारच्या पलंगावर कोण असेल? दिसत नाही. आपल्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान मुलींच्या वर्गात बसणं? हे दिसलं, नको तितकं स्पष्ट. त्याखाली एक टेबल दिसलं, एक दिवा, आणि टेबलाशी बसलेलं कोणीतरी म्हातारं माणूस, ज्याला नुकतंच सांगितलंय की चष्मा नाही. तिने दिवा खांद्यामागे नेला, मान जराशी वळवली. ही ओळ तिला स्वच्छ वाचता आली. मधलं एकही अक्षर गाळावं लागलं नाही. त्याखालची ओळ घरची होती. चार वाजता पिटुकली कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरते, आणि साडेसातलाही आई येत नाही. ही ओळही स्वच्छ दिसली, आणि टोचली. तिने ती तरीही पुन्हा वाचली. शेवटची ओळ म्हणजे पिटुकलीचा चेहरा. ते अक्षर काही केल्या लागेना. अंदाज ठोकायचा नाही म्हणून ती म्हणाली, "दिसत नाही." घसरगुंडीजवळच्या एका आजोबांनी दचकून वळून पाहिलं. ते नातवाला धरून उभे होते.

घरी आल्यावर तिने सासूबाईंना सांगितलं, "आई, मला एकाच गोष्टीची धाकधूक आहे. चार वाजता ही एकटी रिकाम्या घरात येणार."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "रिकाम्या? मग मी काय आहे, शोभेची कुंडी?"

"तसं नाही आई, तुम्ही चारला झोपलेल्या असता."

"तू दुकानात असतेस. तुला काय ठाऊक मी चारला काय करते? ती दप्तर फेकते, त्याने मुडदासुद्धा उठेल. रोज आम्ही दोघी पत्ते खेळतो. लबाडी करते तुझी लेक."

"मी?" आतून पिटुकली ओरडली. "आजी, तू पदराखाली राजा लपवतेस!"

नंबरताई जिथल्या तिथे उभी राहिली. स्वतःच्याच घरातला चार वाजताचा तक्ता तिने कधी वाचला नव्हता. अंदाजच ठोकला होता.

ती आत गेली. पिटुकली पलंगावर पालथी पडून गृहपाठ करत होती. नंबरताई कडेला टेकली. शब्द जुळवत म्हणाली, "ऐक. दोन गोष्टी सांगते. पहिली. मी शिकायला जाते, महिन्यातून एकदा घरी येते, रोज संध्याकाळी आपण फोनवर बोलतो." थोडं थांबून तिने पुढे म्हटलं, आवाज अगदी तसाच ठेवून. "आता दुसरी. मी जाते, दर चौथ्या रविवारी इथे असते, आणि दिवस मावळताना रोज तुझा आवाज ऐकते. कुठली बरी?"

पिटुकलीने पेन्सिल खाली ठेवली. आईकडे नीट पाहिलं.

"आई."

"काय?"

"खट्-खट् करू नकोस माझ्यावर. दोन्ही एकच आहेत."

नंबरताईला असं हसू फुटलं की बाहेरून सासूबाईंनी विचारलं, काय झालं. पिटुकलीही हसली. मग नाक पुसत म्हणाली, "सारखंच आहे. जा गं तू. तिथे मला एकटीला गाडीने येता येईल का? एकदा तरी? खिडकीची जागा मिळाली तर सात तास काही जास्त नाहीत."

"येता येईल. पुढच्या वर्षी, चौदाची झालीस की."

"मग जा."

रात्रीच्या जेवणाआधी नंबरताईने पत्रासोबत आलेला फॉर्म भरला. नवऱ्याने तिला सही करताना बघितलं आणि म्हणाला, "सुटली लिफ्ट?"

"सुटली."

"कुठे?"

"वर."

"बरं झालं. मला तेच हवं होतं."

"अहो! मग मंगळवारी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू खाली गेली असतीस, नुसती मला चूक ठरवायला." तो हसत पाकीट शोधायला गेला.

फॉर्म शनिवारी सकाळी पोस्टात पडला. मालकांनी तोंड वाकडं केलं, मग तिच्यासाठी जाड भिंगांचा एक संच गुंडाळून ठेवला. लोकरीच्या आजींना कळलं तेव्हा त्यांनी तिच्या कानाच्या जरा पलीकडे बघत, म्हणजे नेमकं तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, परत येशील ना? कपाळाचं ठणकणं तिसऱ्या दिवशी थांबलं. रस्ता आता फिकट वाटत नव्हता, रस्त्यासारखा वाटत होता.

जायची तारीख ठरली. बॅग खाली आली. पिटुकली तिच्यात कपडे कोंबत होती, गाणं गुणगुणत होती, तिची भूक ठीक होती, झोप ठीक होती. नंबरताई पलंगावर बसून तिच्याकडे बघत होती. 'सारखंच आहे' हे प्रामाणिक माणसाचं उत्तर, हे तिला सोळा वर्षं माहीत होतं. पण ही मुलगी त्याच पडद्यामागे रांगत मोठी झाली होती. चकतीचा आवाज तिला पाठ होता. कुठलं उत्तर दिलं की आईचा जीव भांड्यात पडतो, हेही तिला पाठ होतं. मास्तरांनी एका दुपारी बसून नवा तक्ता लिहिला होता, नंबरताईला पाठ नसलेला. मग खट् ऐकूनच काच ओळखणाऱ्या या पोरीला खरंच काय दिसतंय, हे बघायला तिच्या आईने कुठली अक्षरं काढायची?